एका नव्या पैशाचा खटला

वृत्तपत्रस्वातंत्र्य हा शब्द कानी पडला की राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेलेले संपादक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात आणि छापखान्यांना लागलेली सरकारी कुलुपे दिसू लागतात. ते स्वाभाविक आहे. लोकमान्यांच्या महाराष्ट्राला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. परंतु स्वतंत्र भारतात या स्वातंत्र्याचा जो एक पायाभूत खटला झाला, त्यात कोणाला तुरुंगवास घडला नव्हता की कोणाचा अग्रलेख जप्त झाला नव्हता. तो खटला दैनिकाच्या किमतीचा आणि पानांचा होता. हिशेब करू गेल्यास एका नव्या पैशाचा होता. आणि तो लढणारे दैनिक मराठी होते: डॉ. नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात सुरू केलेले ‘सकाळ’.

सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर १९६१ रोजी या खटल्याचा निकाल दिला. कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. वाचकांनी मात्र त्याच्याकडे कधी आपला खटला म्हणून पाहिले नाही. वास्तविक तो आपलाच होता. प्रस्तुत लेखात त्या निकालाचे आणि त्याच्या पुढे-मागे झालेल्या धोरणांचे परीक्षण करण्याचा आमचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: न्यायालयाने सरकारचा हात वृत्तपत्राच्या किमतीवरून बाजूला सारला, हे योग्यच झाले. तथापि दैनिकाच्या खऱ्या खर्चातील तो उरलेला पैसा कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मागे राहिला. तो सरकारने देऊ नये हे ठरले. वाचकाने तो दिला नाही. म्हणून तो जाहिरातदाराने दिला. आणि ज्याने तो दिला, त्याची वृत्तपत्रावर मालकी नसली तरी हुकमत आली.

रोग ओळखणारा अहवाल

या कथेचा आरंभ १९५२ साली नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगापाशी होतो. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १९५४ साली आपला अहवाल सादर केला. सरकारी अहवाल बहुधा कपाटातच वृद्ध होतात. परंतु हा अहवाल तसा नव्हता. वृत्तपत्रांच्या निबंधकाचे पद आणि वृत्त परिषद या दोन्ही गोष्टींचा उगम त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वृत्तपत्र ही केवळ विचारांची पताका नसून तो कागद, शाई, यंत्र, मजुरी आणि वाहतूक यांचा एक उद्योग आहे, हे त्याने आकड्यांनी दाखवून दिले. त्या वेळी अवघ्या १५ मालकांच्या हाती ५४ दैनिके होती आणि देशातील दैनिकांच्या एकूण खपापैकी ५०.१ टक्के खप त्यांचा होता. मताचे अधिकार नुकतेच गावोगाव वाटले गेले होते. मत बनविण्याची साधने मात्र पंधरा घरांत साठली होती.

हे असे का होते, याचे आयोगाने केलेले निदान समजण्यास कठीण नाही. ज्या दैनिकाला जाहिराती अधिक, ते त्याच किमतीत अधिक पाने देऊ शकते. अधिक पाने म्हणून खप अधिक. खप अधिक म्हणून जाहिराती आणखी अधिक. जिल्ह्याच्या गावी चार पानांचे दैनिक काढणाऱ्या गृहस्थाने कितीही चांगले लिहिले तरी या चक्रापुढे त्याचा निभाव लागत नाही, कारण स्पर्धा लेखणीची नसून पानांच्या जाडीची असते. यावर आयोगाने सुचविलेला उपाय म्हणजे किंमत-पृष्ठ कोष्टक: अमुक किमतीला अमुकच पाने, आणि अधिक पाने द्यावयाची तर किंमत वाढवा. जाहिरातींनी व्यापावयाच्या जागेवरही काही मर्यादा असावी, असे आयोगाचे मत होते.

रोगाचे निदान अचूक होते. औषध मात्र ज्याच्या हाती दिले, त्याच्याविषयी आयोगाने पुरेसा विचार केला नाही, असे आम्हांस वाटते. संसदेने १९५६ साली किंमत व पृष्ठे यांविषयीचा कायदा केला आणि १९६० साली केंद्र सरकारने त्याखाली आदेश काढला. कोणी किती पाने छापावीत हे आता दिल्लीचे कोष्टक ठरविणार होते.

चोवीस पाने आणि चौतीस पाने

‘सकाळ’ हे मोठ्या भांडवलदाराचे पत्र नव्हते. महाराष्ट्र व कर्नाटकात मिळून त्याचा खप सुमारे बावन्न हजार होता. आठवड्यातील पाच दिवस सहा पाने व एक दिवस चार पाने, अशी सहा दिवसांत चौतीस पाने ते देत असे आणि प्रत्येक अंकाची किंमत सात नवे पैसे होती. रविवारचा दहा पानांचा अंक बारा नव्या पैशांना मिळे. सुमारे चाळीस टक्के जागा जाहिरातींना जाई. नव्या आदेशानुसार सात पैशांत सहा दिवसांत चोवीसच पाने देता आली असती. चौतीस पाने चालू ठेवावयाची तर किंमत आठ पैसे करणे भाग होते. म्हणजे एकतर आठवड्याला दहा पाने गमवावीत, नाहीतर वाचकाकडून रोज एक पैसा अधिक घ्यावा. मोठ्यांना आवर घालण्यासाठी विणलेल्या जाळ्यात पुण्याचे हे मध्यम पत्र अडकले, हाच त्या कायद्यावरील पहिला बोलका अभिप्राय होय.

परुळेकर न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबर दोन वाचकांनीही अर्ज केले होते, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी लिहिला. हे नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायदान करून पुढे गेलेले, तेव्हा वऱ्हाड-विदर्भाला अपरिचित नव्हते. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा: विचार मांडण्याचे स्वातंत्र्य म्हणजे केवळ छापण्याचे नव्हे, तर पसरविण्याचेही स्वातंत्र्य. किंमत वाढली की खप घटतो. पाने घटली की आशय घटतो. जाहिरातीची जागा घटविली की किंमत वाढवावी लागते आणि पुन्हा खप घटतो. कोणत्याही वाटेने गेले तरी शब्द कमी लोकांपर्यंत पोहोचतो. व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार सरकारला आहे हे खरे. परंतु व्यापाराच्या नावाने भाषणस्वातंत्र्य तोडता येणार नाही, कारण त्या स्वातंत्र्यावर बंधने कोणत्या कारणांसाठी घालता येतात हे राज्यघटनेने मोजून सांगितले आहे आणि त्यांत लहान पत्रांचे संरक्षण हे कारण नाही. कायदा व आदेश दोन्ही रद्द ठरले.

हा निकाल आम्ही पुन्हा वाचला तेव्हा त्यातील तर्काच्या स्वच्छतेने प्रभावित झालो. त्यात आवेश नाही. कोष्टकातील आकडे उलगडून दाखवीत तो एका तत्त्वापर्यंत पोहोचतो. तथापि समीक्षकाने गुणांबरोबर मर्यादाही सांगावयास हव्यात. या निकालात स्वातंत्र्याचा शत्रू एकच आहे आणि तो म्हणजे शासन. खप, किंमत आणि जाहिरात यांची साखळी न्यायमूर्तींनी अचूक दाखविली; पण त्याच साखळीचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, हे पाहण्याचे काम त्यांच्यापुढे आलेच नव्हते. जाहिरात काढून घेतली तर पत्र मरते, म्हणून सरकारने जाहिरातीला हात लावू नये, असे ते म्हणतात. ठीकच आहे. परंतु जाहिरात काढून घेतल्याने पत्र मरत असेल, तर ती काढून घेण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे त्याचे काय?

दुसरा न्यायमूर्ती, दुसरे अर्धसत्य

हा प्रश्न पुढे एका न्यायमूर्तींनी विचारला, पण अल्पमतात राहून. त्या काळी वर्तमानपत्राचा कागद बव्हंशी परदेशातून येई आणि त्याचे वाटप सरकार करी. देशातील या कागदाचा पहिला कारखाना नेपानगरचा. आमच्या मलकापूरहून उत्तरेला, बऱ्हाणपूरच्या पलीकडे तो आहे. एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे राष्ट्रार्पण केले तेव्हा मलकापूर आणि नेपानगर एकाच राज्यात होती. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला. १९८१ पर्यंत देशात हा कागद बनविणारा तो एकमेव कारखाना होता. सालईच्या लाकडाचा व बांबूचा तो कागद देशाच्या भुकेला पुरणे शक्यच नव्हते. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती पाने. आणि १९७२-७३ च्या धोरणाने सरकारने दैनिकांना दहा पानांची मर्यादा घातली.

‘टाइम्स’ समूहाची बेनेट कोलमन कंपनी व इतर यांनी याविरुद्ध दाद मागितली. ३० ऑक्टोबर १९७२ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते धोरण रद्द झाले. विरुद्ध मत न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांचे होते. भाषणस्वातंत्र्य हा केवळ बोलणाऱ्याचा हक्क नव्हे, तो ऐकणाऱ्या समाजाचाही हक्क आहे. आणि समाजाचे हित अनेक मुखांतून अनेक मते ऐकू येण्यात आहे, असा त्यांचा आशय होता. हेच मॅथ्यू पुढे दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९८२ च्या त्या अहवालाने किंमत-पृष्ठ कोष्टकाची मागणी पुन्हा केली. इकडे मुधोळकर हे १९६६ साली स्थापन झालेल्या वृत्त परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले होते. निर्बंध झुगारणाऱ्या न्यायमूर्तींच्या वाट्याला वृत्तपत्रांच्या आचाराची राखण आली आणि निर्बंध समर्थिणाऱ्या न्यायमूर्तींच्या वाट्याला त्यांच्या अर्थकारणाची तपासणी. दोघेही प्रामाणिक होते आणि आमच्या मते दोघांपाशीही सत्याचा अर्धा भाग होता.

मॅथ्यू यांचे निदान अधिक खोल होते, हे आम्ही मान्य करतो. पण अनेक मुखांना बोलू देण्यासाठी कागदाची किल्ली शासनाच्या हाती असावी, हा त्यांचा विश्वास फार काळ टिकण्याजोगा नव्हता. तीन वर्षेही लोटली नाहीत तोच २६ जून १९७५ उजाडला. बातम्यांना सेन्सॉर बसले, वृत्त परिषदच मोडीत काढली गेली, सरकारी जाहिराती हे शिक्षेचे साधन झाले. साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’सारख्या साप्ताहिकालाही कारवाईला तोंड द्यावे लागले. लहानांच्या रक्षणासाठी म्हणून शासनाच्या हाती जो दंडुका दिला असता, तो लहानांच्याच पाठीवर बसला असता. १९६१ चा निकाल नसता तर आणीबाणी आणखी स्वस्तात पार पडली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

खर्चापेक्षा कमी भावाने विकणारा

येथे आमच्या परिसरातील वाचकांना परिचित असा एक दाखला द्यावासा वाटतो. मलकापूर हे कापसाचे व जिनिंगचे गाव. उत्पादनखर्चापेक्षा कमी भावाने माल विकणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था येथे कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. तो उरलेला खर्च कोणाकडून तरी उसना घेतो आणि ज्याच्याकडून घेतो त्याच्यापुढे त्याची मान खाली जाते. पुढच्या हंगामात काय पेरावे, माल कोणाच्या दारी न्यावा, हेही मग तो सावकारच ठरवितो. १९७२ साली राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. व्यापारी जाऊन सरकार एकटे गिऱ्हाईक झाले. त्या योजनेने दिलेला आधार आणि तिने करायला लावलेली चुकाऱ्याची प्रतीक्षा, दोन्ही आमच्या लोकांच्या स्मरणात आहेत. सावकार की सरकार, एवढाच पर्याय ज्याच्यापुढे असतो तो स्वतंत्र नसतो.

दैनिकाचेही असेच आहे. पाच-सहा रुपयांना दारात पडणाऱ्या रंगीत अंकाचा कागद, छपाई, वाहतूक, एजंटाचे व पेपर टाकणाऱ्या मुलाचे कमिशन यांचा हिशेब मांडला तर त्या पैशात संपादकाच्या लेखणीसाठी काही उरत नाही, हे उघड आहे. रस्त्यावरच्या चहाला आपण त्याहून अधिक मोजतो. महिन्याअखेरीस रद्दी विकून त्या किमतीतलाही काही भाग आपण परत मिळवितो. शिवाय वर्षाची वर्गणी एकरकमी भरली की एखादी भेटवस्तू, कूपने चिकटविली की बक्षीस! दैनिक विकत घेण्याबद्दल वाचकाला उलट बिदागी मिळू लागली. ज्या व्यवहारात माल घेणाऱ्यालाच पैसे मिळतात, तेथे माल कोणता व गिऱ्हाईक कोण, याचा विचार करावयास हवा. गिऱ्हाईक जाहिरातदार आहे आणि त्याला विकला जाणारा माल म्हणजे सकाळी चहाबरोबर दैनिक उघडणारे आपले कुटुंब.

ही स्थिती एका दिवसात आली नाही. १९९० नंतर अर्थव्यवस्था खुली झाली. १९९५ साली कागदाची आयात खुली झाली. त्याच दशकात दिल्लीत मोठ्या इंग्रजी दैनिकांनी किमती उतरविण्याची चढाओढ सुरू केली आणि तिचे लोण प्रादेशिक भाषांत पोहोचले. सरकारी कोष्टक नव्हते. परंतु किंमत आणि पाने यांचा जो संबंध आयोगाने तोडू नका म्हणून सांगितले होते, तो बाजाराने पार तोडून टाकला. १९६१ साली ‘सकाळ’ने सात पैशांत चौतीस पाने देण्याचा हक्क मिळविला, त्या हक्काचा पुरेपूर उपभोग घेतला तो ज्यांच्यापाशी अमाप जाहिराती होत्या त्यांनी.

याचे परिणाम तालुक्याच्या गावी विशेष स्पष्ट दिसतात. अकोल्याहून व जळगावहून छापून येणाऱ्या दैनिकांत तालुक्याचे एक पान असते. ते भरणाऱ्या वार्ताहराला बहुधा पगार नसतो, असला तर नाममात्र. बातमी त्याने द्यावयाची आणि जाहिरातही त्यानेच मिळवावयाची. त्याचे घर चालते ते जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात काल मिळाली, त्याच्या संस्थेतील गैरव्यवहाराची बातमी आज कोणत्या धैर्याने द्यावी? हा प्रश्न त्या वार्ताहराच्या चारित्र्याचा नाही. ज्याने त्याला वेतन दिले नाही त्या व्यवस्थेचा आहे. पत्रकारांना न्याय्य वेतन मिळावे म्हणून १९५५ साली स्वतंत्र कायदा झाला होता. त्याखाली वेतन मंडळे नेमली गेली. मजिठिया मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये उचलून धरल्या. परंतु जो कागदोपत्री नोकरच नाही, त्या तालुका-वार्ताहरापर्यंत त्यातील काय पोहोचले? २०२० मध्ये संमत झालेल्या कामगार संहितांनी तर तो स्वतंत्र कायदाच आपल्या पोटात घेतला.

स्थानिक साप्ताहिकांची स्थिती याहून वेगळी नाही. शासनाच्या जाहिरात यादीवर अ, ब, क या वर्गांपैकी कोठे तरी नाव लागावे, २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्टची दर्शनी जाहिरात मिळावी, काही जाहीर नोटिसा व निविदा याव्यात, यावर अनेकांचे वर्ष निघते. तेथे पुन्हा तेच: एका बाजूला पुढारी, दुसऱ्या बाजूला सरकारी कार्यालय, वाचक कोठेच नाही.

याचे टोक महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले. उमेदवारांची स्तुती जाहिरात म्हणून नव्हे तर बातमी म्हणून छापली गेल्याचे आरोप झाले, पत्रकार पी. साईनाथ यांनी निरनिराळ्या दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर आल्याचे दाखवून दिले. वृत्त परिषदेने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल २०१० साली तयार झाला. परंतु परिषदेने प्रथम त्याची संक्षिप्त आवृत्तीच प्रसिद्ध केली आणि मूळ अहवाल लोकांपुढे येण्यास माहितीच्या अधिकाराचा मार्ग चोखाळावा लागला. निवडणूक आयोगाने जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमल्या, हे चांगलेच झाले. पण बातमीची जागा विकली जाते ती ती जागा रिकामी असते म्हणून नव्हे. ती राखणाऱ्याचे वेतन आधीच दुसऱ्याने भरलेले असते म्हणून.

दुसरी एक परंपरा

असे असले तरी मराठीत दुसरी एक परंपरा आहे, आणि तिचा विसर पडू नये. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले ते पैसा मिळविण्यासाठी नव्हे. अहमदनगरला १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. कॅथलिक समाजाचा ‘निरोप्या’ १९०३ पासून घरोघर जात आला. मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक १९१० पासून १९६७ पर्यंत चालविले, तेही नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून! ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, ही घटना आंबेडकर-चरित्रात नोंदलेली आहे. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. ज्या समाजाचा तो आवाज होता त्याच्यापाशी वर्गणीला पैसे नव्हते, आणि ज्यांच्यापाशी पैसे होते त्यांना तो आवाज नको होता. वृत्तपत्राच्या अर्थकारणाची याहून करुण व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. लहान समाजांनी ती लक्षात ठेवावी. कारण बाजाराच्या तराजूत आपले, म्हणजे विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे, वजन कितीसे? आपल्या वस्तीतील पाण्याची, शाळेची, दफनभूमीची बातमी जाहिरातदाराला काहीच मिळवून देत नाही.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ‘इंटर मिरिफिका’ हा समाजसंपर्क-साधनांविषयीचा आदेश संमत केला आणि सत्य माहिती मिळणे हा समाजाचा हक्क असल्याचे मान्य केले. मॅथ्यू यांच्या मताशी त्याचे नाते लक्षात यावे. १९७१ च्या ‘कम्युनियो एत् प्रोग्रेसियो’ या निवेदनाने, जाहिरातींवर ओतला जाणारा प्रचंड पैसा माध्यमांच्या पायालाच धोका पोहोचवू शकतो, असा इशारा दिला. जाहिरातीतील नीतीवर १९९७ साली स्वतंत्र निवेदनही निघाले. त्यांत जाहिरातीला पाप म्हटलेले नाही. दुकानदाराने आपला माल सांगावा यात अयोग्य काही नाही. अयोग्य आहे ते एवढेच, की सांगणारा कोण हे लपवावे.

पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे चरित्र येथे उद्‌बोधक आहे. लोक प्रवचनाला येत नाहीत म्हणून ते हाताने लिहिलेली पत्रके दारांखालून सरकवीत असत. परमगुरू अकरावे पायस यांनी १९२३ साली त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांची पत्रके फुकट होती, हे खरे. परंतु ती कोणाची, कशासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे वाचणाऱ्याला पक्के ठाऊक होते. फुकट देण्यात दोष नाही. खरा दाता पडद्याआड ठेवून फुकट देण्यात दोष आहे. दोन धन्यांविषयी प्रभूने दिलेली शिकवण धर्मगुरूंइतकीच संपादकांनाही लागू पडते.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, तुम्ही दैनिक महाग करा म्हणता. मग मजुराच्या घरी ते कसे जाणार? आक्षेप गंभीर आहे, आणि १९६१ चा निकाल त्याच काळजीतून आलेला आहे. किंमत वाढली की प्रथम गरीब वाचक गळतो. परंतु प्रत्येकाने स्वतंत्र अंक घेतलाच पाहिजे असे कोणी ठरविले? पूर्वी ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एका अंकावर दहा जण वाचत, आणि एक जण मोठ्याने वाची तेव्हा निरक्षरही ऐकत. गरिबाला स्वस्त दैनिकाइतकीच खऱ्या दैनिकाची गरज असते. खोट्या बातमीची किंमत श्रीमंतापेक्षा तोच अधिक मोजतो.

दुसरे कोणी म्हणेल, आता सर्व काही मोबाइलवर फुकट मिळते. हा वाद जुना झाला. आमच्या मते तो अधिक नवा झाला. सात पैशांचे आठ होऊ नयेत म्हणून एके काळी खटला झाला. आता आपण सातही देत नाही. अंकाची किंमत शून्यावर आली म्हणजे खर्च शून्यावर येत नाही. तो भरणारा तेवढा आणखी अदृश्य होतो. कायद्यानेही रूप बदलले आहे. १८६७ चा छापखाने व पुस्तके यांचा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा अमलात आला आणि नोंदणी सुलभ झाली. पत्र काढणे सोपे झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. ते जगवायचे कोणी, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नाही. ते असूही नये.

वाचकाचा वाटा

ते उत्तर वाचकाने द्यावयाचे आहे. १९६१ साली दोन वाचक परुळेकरांबरोबर न्यायालयाची पायरी चढले. स्वस्त अंकाचा आपला हक्क त्यांनी मागितला व मिळविला. हक्काच्या पाठोपाठ येणारे कर्तव्य मात्र आपण सर्वांनी विसरू दिले. आमच्या मते ते कर्तव्य तीन प्रकारचे आहे. पहिले, प्रत्येक कुटुंबाने निदान एका नियतकालिकाची वर्गणी पुरती व वेळेवर भरावी, आणि भेटवस्तू पाहून नव्हे तर मजकूर पाहून ते निवडावे. दुसरे, प्रत्येक धर्मग्रामात एक वाचनकक्ष असावा. तेथे एकमेकांहून वेगळ्या मतांची दोन-तीन पत्रे असावीत आणि त्यांचा खर्च धर्मग्रामाने उचलावा, म्हणजे ज्याला वर्गणी परवडत नाही तोही वाचनापासून वंचित राहणार नाही. तिसरे, मुलांना दैनिक वाचावयास शिकविताना बातमी, मत आणि जाहिरात या तिहींतील भेद ओळखावयास शिकवावे. निवडणुकीच्या दिवसांत हा अभ्यास घरोघरी करता येण्याजोगा आहे.

लहान नियतकालिकांना तर यावाचून गत्यंतर नाही. १८९८ च्या टपाल कायद्याने वर्तमानपत्रांना जी टपालखर्चाची सवलत दिली होती, ती ३१ दिवसांच्या आत निघणाऱ्या पत्रांनाच होती. त्रैमासिकांचा तीत समावेश नव्हता. त्रैमासिकाला सरकारी जाहिरातीची आशा नाही, व्यापाऱ्याला त्याचा मोह नाही. त्याच्यापाशी आहे तो फक्त वर्गणीदार. व्यवहाराच्या दृष्टीने हे दौर्बल्य असले, तरी ज्या पत्राला वर्गणीदाराखेरीज कोणापुढेही मान लववावी लागत नाही, ते पत्र मुधोळकर आणि मॅथ्यू या दोघांच्याही कसोटीला उतरते.

१९६१ च्या निकालाने आपल्याला अर्धे स्वातंत्र्य मिळवून दिले. ते लहान नव्हते. आणीबाणीने त्याचे मोल दाखविले. उरलेले अर्धे न्यायालयातून मिळण्याजोगे नाही. सात आणि आठ यांमधील तो एक पैसा आजही कोणीतरी दररोज देत आहे. तो आपण दिला तर दैनिक आपले राहील. नाही दिला तर आपली बातमी दुसऱ्याच्या मर्जीने छापली जाईल किंवा छापली जाणारच नाही, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकारही आपल्यापाशी उरणार नाही.